‘ताई, ओठ हलतायत पण आवाज नाही’

नवा कॉम्प्युटर घेतला की त्याचा माइक आपोआप चालेल असं आपण धरून चालतो. माझा चालला नाही. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबर संपत येईपर्यंत तो कधी मुका, कधी बोबडा, कधी नुसताच घूं घूं करणारा असा वागत राहिला, आणि दरवेळी कारण निराळंच निघालं. घरून शिकवणाऱ्या, डेस्कटॉपवरून लेकी-सुनांशी बोलणाऱ्या बऱ्याच जणी नंतर विचारत राहिल्या, म्हणून झालं तसं लिहून काढते.

मी मिरजेत राहते. दर शनिवारी संध्याकाळी न्यू जर्सीतल्या काही मराठी घरांतल्या मुलांना ऑनलाइन मराठी वाचायला शिकवते. आमचे संध्याकाळचे सात म्हणजे त्यांचे सकाळचे साडेनऊ. जुना डेस्कटॉप २०१६ सालचा. विंडोज १० ला नेहमीचे मोफत अपडेट मिळणं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणार होतं आणि विंडोज ११ ला इंटेलचा असेल तर आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर लागतो. आमचा सहाव्या पिढीचा. मग मॉनिटर, कीबोर्ड, वेबकॅम, हेडफोन सगळं जुनंच ठेवून फक्त डबा नवा असेंबल करून घेतला. ३१,००० रुपये. दुकानातला मुलगा शुक्रवारी, १७ ऑक्टोबरला घरी आला, वायरी जोडल्या, एक गाणं वाजवून दाखवलं. गाणं वाजलं म्हणजे साउंड ओके, असा त्याचा हिशोब. चहा घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी धनत्रयोदशी. मुलांना किल्ल्याचे फोटो दाखवायचे म्हणून मी उत्साहात सुरुवात केली, तर पडद्यावर सगळी कानाला हात लावून खुणा करायला लागली. एकीच्या आईने चॅटमध्ये लिहिलं, ‘ताई, ओठ हलतायत पण आवाज नाही.’ म्यूटचं बटण तीनदा बघितलं, म्यूट नव्हतं. मला त्यांचं सगळं ऐकू येत होतं, त्यामुळे नेटचाही प्रश्न नव्हता.

अशा वेळी चालू तासात सेटिंग्ज उघडून बसू नये. त्याच मीटिंगमध्ये मोबाइलवरून दुसऱ्यांदा आत यायचं, बोलायचं-ऐकायचं मोबाइलवरून, आणि कॉम्प्युटरचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद ठेवायचे. दोन्ही बंद हे महत्त्वाचं, नाहीतर खोलीत शिट्टी वाजते. त्या दिवशीचा तास असाच पार पडला.

रात्री फराळाचं आवरून बसले. पुण्याचा भाचा फोनवर होता. त्याने पहिली गोष्ट सांगितली ती मला फार पटली: ‘मावशी, मीटिंगचं अॅप आधी बाजूला ठेव. विंडोजमधलं साउंड रेकॉर्डर उघड आणि स्वतःचा आवाज रेकॉर्ड कर.’ तिथेच आवाज उमटत नसेल तर अॅप, नेट, समोरचा माणूस यांपैकी कुणाचाच दोष नाही. बिघाड आपल्या टेबलावर आहे. आणि तिथे स्वच्छ उमटत असेल तर वायरी उपसत बसायचं कारण नाही. (जुन्या लेखांमध्ये स्काइपच्या टेस्ट कॉलला फोन लावा असं अजून सापडतं. स्काइप ५ मे २०२५ ला बंद झालं. आता झूम, टीम्स, मीट यांच्यात आत शिरायच्या आधी माइक तपासायची सोय असते, ती वापरावी.)

माझ्या रेकॉर्डरमध्ये सरळ रेघ. मग सेटिंग्जमध्ये सिस्टिम, साउंड आणि खाली इनपुट. तिथे माइकची यादी दिसते. माझ्या यादीत दोन नावं होती: एक वेबकॅमचा माइक, दुसरं ‘लाइन इन’. हेडफोनच्या माइकचा पत्ताच नव्हता, आणि निवडलेलं होतं ते लाइन इन. वेबकॅमचा माइक निवडून बोलले तर रेघ नाचायला लागली. म्हणजे विंडोज ठीक, परवानग्या ठीक, घोळ हेडफोनच्या वाटेत कुठेतरी.

परवानग्यांचं इथेच सांगून टाकते. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत मायक्रोफोन नावाचं पान आहे. त्यात एकाखाली एक बटणं आहेत: सगळ्या कॉम्प्युटरसाठी एक, अॅप्ससाठी एक, आणि खाली डेस्कटॉप अॅप्ससाठी वेगळं. ब्राउझर या शेवटच्या गटात मोडतो. वरची दोन चालू आणि खालचं बंद असेल तर ब्राउझरमधून मीटिंग करणाऱ्याचा आवाज जात नाही, आणि सगळं चालू दिसतंय की, म्हणून माणूस चक्रावतो. त्याच पानावर कोणत्या अॅपने माइक शेवटचा कधी वापरला त्याची वेळही दिसते. माझी सगळी बटणं चालू होती.

मग टॉर्च घेऊन डब्याच्या मागे गेले. आमच्या हेडफोनला दोन पिना आहेत, कानाची हिरवी आणि माइकची गुलाबी. डब्याच्या मागे तीन भोकं: निळं, हिरवं, गुलाबी. हिरवी पिन हिरव्यात होती, म्हणून गाणं वाजलं होतं. गुलाबी मात्र निळ्यात खोचलेली. निळं भोक म्हणजे लाइन इन. ते टेपरेकॉर्डर, कॅसिओ वगैरेंसाठी. हेडफोनच्या माइकला चालायला थोडीशी वीज लागते, काही व्होल्ट, आणि ती गुलाबी भोकातून मिळते, निळ्यातून नाही. पिन बदलल्याबरोबर पडद्यावर ‘कोणतं उपकरण जोडलं?’ असा प्रश्न आला, माइक म्हटलं, आणि यादीत त्याचं नाव उगवलं.

आवाज आला. पण पुटपुटल्यासारखा, आणि मागे एक घूं.

शिवाय वायर मागून ओढून आणल्यामुळे मान वळवली की हेडफोन निसटायचा. डब्याच्या पुढच्या बाजूला भोक आहे, पण एकच, वर हेडफोनचं चित्र. हल्लीच्या बऱ्याच डब्यांना असं एकच असतं, मोबाइलच्या इयरफोनसारखं. मोबाइलच्या इयरफोनची पिन नीट बघा: तिच्यावर तीन काळ्या रेघा असतात, म्हणजे धातूचे चार तुकडे, त्यातला एक माइकचा. नुसत्या कानाच्या पिनेवर दोनच रेघा. माझ्या दोन पिना या एका भोकात जायच्या तर मधे जोडणी हवी.

सोमवारी बाजारात गेले. पहिल्या दुकानात ‘वाय’ (इंग्रजी Y च्या आकाराची जोडणी) मागितला तर त्याने दिला तो एकाच मोबाइलवर दोघांनी गाणी ऐकायचा. पिनेवर रेघा दोनच, म्हणजे माइक त्यातून जाणारच नाही. ‘मॅडम, सगळे हेच नेतात,’ म्हणाला. दुसऱ्या दुकानात उलटा मिळाला: मोबाइलचा इयरफोन जुन्या डेस्कटॉपच्या दोन भोकांत घालायचा. आपल्याला हवा तो तिसरा प्रकार: एका टोकाला तीन रेघांची एकच पिन, दुसऱ्या टोकाला दोन भोकं, आणि भोकांवर एक माइकचं आणि एक हेडफोनचं चित्र. १४० रुपये. कागदावर चित्र काढून न्या, तोंडी सांगून कळत नाही.

वायर पुढे आली, पण घूं होतीच. उलट थोडी वाढली, कारण डब्यातल्या डब्यात पुढच्या भोकापर्यंत जी बारीक वायर जाते ती वाटेतला खरखराट गोळा करत येते. आवाज मोठा करायला साउंडच्या पानावर तळाशी ‘मोअर साउंड सेटिंग्ज’ आहे. तिथून जुन्या वळणाची खिडकी उघडते. तिच्यात रेकॉर्डिंग, मग आपला माइक, मग लेव्हल्स. खालची पट्टी ‘बूस्ट’ची: दहा, वीस, तीस डेसिबल. वीसवर ठेवला तेव्हा माझा आवाज बरा झाला, पण घूंदेखील तितकीच फुगली. बूस्टला आपला आवाज आणि कचरा यातला फरक कळत नाही.

त्याच खिडकीत आणखी एक गोष्ट दिसली. माइकच्या नावाखाली हिरवी बरोबरची खूण असते, आणि कधी कधी दुसऱ्याच माइकवर हिरव्या फोनची खूण. पहिली साधारण वापरासाठी, दुसरी कॉलसाठी. दोन्ही एकाच माइकवर हव्यात. माझ्याकडे फोनची खूण वेबकॅमवर जाऊन बसली होती. राइट क्लिक करून हलवली.

घूं कशाची हे शोधायला मदत झाली ती शेजारच्या काकांची. आमचं घर सतारमेकरांच्या गल्लीपासून जवळ, आणि काका आयुष्यभर तंबोऱ्यांच्या जवारी लावत आले. मला वाटत होतं पंख्याचा आवाज आहे. त्यांनी हेडफोन कानाला लावला, मला पंख्याचा रेग्युलेटर फिरवायला सांगितला आणि म्हणाले, ‘पंखा बदलला तरी सूर हलत नाही. हा पंखा न्हवं, लाइट हाय.’ आपल्याकडे घरातली वीज सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलते, त्यामुळे तिची घूं एकाच पट्टीत राहते. दुसरी खूण मला आधीच मिळत होती: डब्याच्या पत्र्याला उघड्या पायांनी हात लागला की बारीक झिणझिण्या यायच्या. नवीन वस्तूला थोडं असायचंच, असं कुणीसं म्हणालं होतं. तसं नसतं. त्या झिणझिण्या म्हणजे डब्याला अर्थिंग मिळत नाही याची खूण.

दिवाळीत वायरमन मिळणं म्हणजे दिव्यच. पाडवा झाला, भाऊबीज झाली, आणि शुक्रवारी २४ ला तो आला. त्याने होल्डरमधल्या बल्बच्या दोन वायरी टेबलाजवळच्या बोर्डात घातल्या: फेज आणि न्यूट्रलमध्ये बल्ब पेटला, फेज आणि वरच्या मोठ्या भोकात ढिम्म. ‘वहिनी, भोक तीन हायती, वायरी दोनच. अर्थिंग ओढलंच न्हाई कुणी.’ मीटरजवळच्या मुख्य बोर्डापासून हिरवी वायर आणून जोडायला दुपार गेली. मजुरी आणि वायर मिळून ६५० रुपये. (ही बल्बची परीक्षा वायरमननेच करावी, आपण नाही.) संध्याकाळी रेकॉर्डरवर ऐकलं तर घूं जवळजवळ गेलेली, आणि झिणझिण्या तर संपल्याच. या सगळ्या घोळात पैसे सार्थकी लागल्यासारखं वाटलं ते इथे, माइकपेक्षा झिणझिण्यांसाठी जास्त.

शनिवारी, २५ तारखेला तासाला आवाज गेला. पण पाच मिनिटांत एका मुलाने विचारलं, ‘ताई, अत्ती म्हणजे काय?’ मी हत्ती म्हटलं होतं. मग लक्ष द्यायला लागले तर ‘फुगा’चा ‘उगा’ होत होता, आणि वाक्य संपताना शेवटची अक्षरं बुडत होती. हे दुखणं तारांचं नव्हतं. मीटिंगच्या अॅपमध्ये मागचा गोंगाट कापायची सोय असते. ती भांड्यांचा, पंख्याचा आवाज काढते आणि तिच्या नादात श्वासासारखे हलके आवाजही काढून टाकते. त्यात विंडोजची स्वतःची ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’ सुरू होती, म्हणजे एकाच आवाजाला दोन चाळण्या. मी विंडोजमधली बंद केली, अॅपमधली सर्वांत सौम्य ठेवली आणि माइक तोंडासमोरून काढून ओठांच्या कोपऱ्याला, दोन बोटं अंतरावर आणला, म्हणजे श्वास थेट त्याच्यावर आपटत नाही. कविता चालीत म्हणायच्या असतात तेव्हा झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’ चालू करते. गाणं शिकवणाऱ्यांनी तर हे करावंच, कारण लांबवलेला सूर या चाळणीला गोंगाट वाटतो. अॅप स्वतःहून माइकची पातळी वरखाली करतं, तेही मी बंद करून ठेवलंय.

१ नोव्हेंबरच्या तासाला दोन मुलांना स्वतःचाच आवाज परत ऐकू यायला लागला. ‘ताई, तुमच्याकडे एको आहे,’ असा आरोप झाला, पण माझ्या कानाला हेडफोन होता. एकोचा नियम उलटा आहे: ज्याला स्वतःचा आवाज परत येतो त्याच्याकडे सहसा दोष नसतो, दुसऱ्या कुणाच्या तरी स्पीकरमधून तो आवाज बाहेर पडून त्या दुसऱ्याच्याच माइकमध्ये शिरतो. एकेकाला म्यूट करत गेले. भाऊ-बहीण एकाच खोलीत दोन टॅबलेटवर बसलेले सापडले. विषय संपला.

दुसऱ्याच दिवशी, २ तारखेला अमेरिकेची घड्याळं एक तास मागे गेली आणि आमचा तास रात्री आठवर आला. ८ तारखेला पहिल्याच दहा मिनिटांत माझा आवाज तुकड्या-तुकड्यांनी जायला लागला. आधी नेटवर संशय घेतला. पण नेट खराब असतं तेव्हा समोरच्यांचाही आवाज आणि चित्र अडखळतं. इथे फक्त माझाच आवाज तुटत होता. वेबकॅमच्या माइकवर तास पुरा केला. नंतर रेकॉर्डिंगची खिडकी उघडी ठेवली, हिरव्या पट्ट्यांवर नजर ठेवून हेडफोनची वायर इंच-इंच वाकवत गेले. मधल्या आवाजाच्या चकतीजवळ आले आणि पट्ट्या एकदम शून्यावर. बोट उचललं की परत वर. वायर आत तुटली होती. खात्रीसाठी हेडफोन शेजाऱ्यांच्या कॉम्प्युटरला लावला, तिथेही तेच. हे करूनच कंपनीला कळवा, कारण त्यांचा पहिला प्रश्न हाच असतो.

हेडफोन मार्चमधला, वॉरंटी एक वर्षाची. कंपनीचं नाव लिहीत नाही. सोमवारी १० तारखेला त्यांच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवली. बिलाची पीडीएफ, आणि वायरवरच्या चिमुकल्या पांढऱ्या चिठ्ठीवरचा सिरियल नंबर लागतो. तो डोळ्यांनी वाचता येत नाही, मोबाइलने फोटो काढून मोठा करा. तिकीट नंबर आला. मग मेल: कॉम्प्युटर बंद करून चालू करून बघा. बघितला. मग मेल: ड्रायव्हर अपडेट करा. केला. मग आलं की बिघाडाचा व्हिडिओ पाठवा. न येणाऱ्या आवाजाचा व्हिडिओ कसा काढायचा? शेवटी त्या हिरव्या पट्ट्या, माझं बोलतं तोंड आणि वायर वाकवणारं बोट असं सगळं एका चौकटीत बसवून भाच्याच्या सूचनांबरहुकूम शूटिंग झालं. घरातल्यांची करमणूक झाली. प्रत्येक मेलच्या खाली बारीक अक्षरात असतं की ४८ तासांत उत्तर आलं नाही तर तिकीट बंद होईल, तेव्हा स्पॅमचा कप्पाही बघत राहा.

आणखी एक. त्यांचा फोन लागेना म्हणून नंबर गुगलवर शोधायचा मोह होतो. तिथे सापडलेल्या एका नंबरवरच्या माणसाने लगेच दुसऱ्याच्या कॉम्प्युटरचा ताबा घ्यायचं अॅप टाकायला आणि १० रुपये ‘रजिस्ट्रेशन’ भरायला सांगितलं. फोन ठेवला. नंबर फक्त खोक्यावरचा किंवा बिलावरचा घ्यावा. घरच्या माणसाची लांबून मदत हवी असेल तर विंडोजमध्ये क्विक असिस्ट आहे. कोड त्याने द्यायचा, आपण टाकायचा, आणि हे फक्त भाच्या-पुतण्यांसाठी.

व्हिडिओ मान्य झाला, परतीचा नंबर मिळाला. तो खोक्यावर ठळक लिहून, बिलाची प्रत आत घालून कुरिअर केलं. जायचा खर्च आपला, १३० रुपये, यायचा त्यांचा. पावती जपून ठेवा, ‘वस्तू पोचली नाही’ असा मेल मला एकदा आलाच होता आणि पावतीच्या फोटोने तो निकालात निघाला.

मधल्या काळासाठी ३५० रुपयांचं यूएसबी साउंड कार्ड घेतलं. अंगठ्याएवढं असतं, एका बाजूला यूएसबी, दुसऱ्या बाजूला हिरवं-गुलाबी भोक. यात डब्याच्या आतली आवाजाची वाट लागतच नाही. जुन्या कपाटातला भाच्याचा हेडफोन त्याला लावला आणि आवाज आधीपेक्षा स्वच्छ आला. यादीत त्याचं नाव वेगळं येतं, त्यामुळे विंडोजमध्ये आणि अॅपमध्येही नव्याने निवडावं लागतं. ब्राउझरमधून मीटिंग असेल तर पत्त्याच्या पट्टीत डावीकडच्या खुणेवर टिचकी मारून माइकची परवानगीही बघावी. एकदा नाही म्हटलेलं तो लक्षात ठेवतो.

आता तासाच्या दहा मिनिटं आधी साउंडच्या पानावर माइक उघडून ‘स्टार्ट टेस्ट’ करते, ‘हत्ती, फुगा, खारीक’ म्हणते आणि आवाजाच्या पातळीचा आकडा बघते. माझ्याकडे तो सत्तरच्या आसपास असला की मुलांची तक्रार नसते. शंभराला टेकायला लागला तर आवाज फाटतो.

बदली हेडफोन बुधवारी, २६ नोव्हेंबरला आला. तो यूएसबी कार्डालाच लावलाय. १४० रुपयांची जोडणी पडून आहे, कुणा मिरजकराला हवी असेल तर घेऊन जा. वॉरंटी मात्र नव्याने सुरू होत नाही. सोबतच्या कागदावर जुन्या बिलाचीच तारीख आहे, म्हणजे मार्चपर्यंत.